पोकोसिन रस्त्यावरची एकतीस पाकिटं

निवडणुकीला चौदा दिवस उरले होते. त्या मंगळवारी आमच्या कचेरीच्या मागच्या खोलीत चारशे अठरा पाकिटं होती आणि प्रत्येकात एक टपाली मतपत्रिका. सहा पाकिटांवर दुसऱ्या साक्षीदाराची सही नव्हती. तीन पाकिटांवर खुद्द मतदाराचीच नव्हती. एकावर कॉफी सांडली होती. एकाच्या पाठीवर कुणीतरी पेन्सिलीने किराणा लिहून ठेवला होता: अंडी, ब्लीच, मांजराचं खाणं. आणि एकतीस पाकिटांची तोंडं डिंकाने नव्हे, तर वरून लावलेल्या पारदर्शक चिकटपट्टीने बंद केलेली होती.

मी ही एकतीस पाकिटं वेगळी काढून खिडकीपाशी नेली. पट्टीखाली स्पष्ट दिसत होतं की डिंक एकदा कागदाला धरला होता आणि नंतर सुटला होता. कागद कुठेही फाटला नव्हता. म्हणजे पाकीट एकदा बंद झालं होतं, कुणीतरी ते जपून उघडलं होतं आणि पुन्हा बंद केलं होतं. एकतीसही पाकिटं पोकोसिन रस्त्यावरच्या घरांतून आली होती. एकतीसही पाकिटांवर पहिल्या साक्षीदाराची सही एकाच हातची होती, ओझेला रॅस्को.

मी त्या वर्षी मे महिन्यात जीवशास्त्राची पदवी घेतली होती. शेवटचं वर्ष मी नदीतले शिंपले मोजण्यात घालवलं होतं. एक मीटर लांबीरुंदीची लोखंडी चौकट तळावर ठेवायची आणि तिच्या आत जे सापडेल ते लिहायचं. आमचे सर म्हणायचे, चौकटीत आहे ते लिहा, असायला हवं होतं ते लिहू नका. नंतर नोकरी मिळाली नाही, म्हणून मी घरी परत आले आणि काउंटीच्या निवडणूक कचेरीत दहा आठवड्यांचं काम धरलं. वॉशिंग्टनला पाठवायच्या एका खासदाराची निवडणूक होती. टीव्हीवर वर्षभर चोरीच्या मतांशिवाय दुसरा विषय नव्हता.

नोंदवहीत नऊ रकाने होते. नववा शेऱ्याचा. मी एकतीस ओळींसमोर शाईने लिहिलं, ‘बंद होऊन पुन्हा उघडलेलं, चिकटपट्टी.’ मग मी वही घेऊन मिस्टर अ‍ॅस्क्यूंकडे गेले. वेल्डन अ‍ॅस्क्यू म्हणजे कचेरीचे प्रमुख. एकवीस वर्षं तीच खुर्ची आणि तोच तपकिरी स्वेटर.

त्यांनी वही पाहिली, मग चष्मा काढला.

“ही ओझेलाची पाकिटं आहेत,” ते म्हणाले. “दर वेळी अशीच येतात. काही गडबड नसते त्यांत.”

“पट्टी का लावतात पण?”

“विचारलं नाही कधी. ओझेलाला कुणी विचारतं का? तू बसली आहेस ना तिच्या बसमध्ये?”

बसले होते. मिस ओझेला रॅस्कोने चौतीस वर्षं शाळेची बस चालवली. अकरा वर्षांची होईपर्यंत मी पोकोसिन रस्त्यावरच राहत होते. नंतर आईला गावात काम मिळालं आणि आम्ही बंद खिडक्यांच्या, गार हवेच्या फ्लॅटमध्ये आलो.

“तोंडी सांगायचंस, कोरिना,” मिस्टर अ‍ॅस्क्यू म्हणाले. “शेऱ्यात लिहिण्याआधी.”

“खोडू का?”

“शाईने लिहिलंयस. खोडलेलं तर आणखी वाईट दिसेल.” त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. “राहू दे. बघू.”

नोंदवही सार्वजनिक असते. मागेल त्याला तिची प्रत द्यावी लागते. गुरुवारी एका पक्षाचे वकील, डॅरो पिट्स, आले आणि प्रत घेऊन गेले. शुक्रवारी दुपारी हरकत दाखल झाली. एकतीस पाकिटं उघडू नयेत, मोजू नयेत. सोमवारी चार वाजता निवडणूक मंडळासमोर सुनावणी ठरली.

शनिवारी सकाळी मी मिस ओझेलाकडे गेले. पोकोसिन रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चर आहेत आणि त्यांतलं पाणी चहाच्या रंगाचं असतं. ती ओसरीवर बसून मीठ घालून उकडलेल्या शेंगा सोलत होती. एकोणऐंशी वर्षांची, पण पाठ अजून बस चालवत असल्यासारखी ताठ.

“शेवटून दुसरं बाक, डावी बाजू,” मला पाहून ती म्हणाली. “खिडकीच्या काचेवर नाक लावून बसणारी कोरी स्प्रूइल. दर शुक्रवारी ती काच मला पुसावी लागायची. बस.”

मी बसले. तिने मूठभर शेंगा माझ्यापुढे सरकवल्या.

“मिस ओझेला, ते शेऱ्यात लिहिलेलं... ते मी लिहिलंय.”

“ऐकलंय मी.”

“मला कल्पना नव्हती की...”

“खरं लिहिलंस की खोटं?”

“खरं.”

“मग झालं. सोमवारी मीही खरंच सांगेन. दोन खऱ्यांची कशाला मारामारी होईल?” ती उठली. “चल आत. तुला काय हवंय ते दाखवते.”

स्वयंपाकघरात एक जुना आडवा फ्रीजर होता, खोकल्यासारखा आवाज करणारा. तिने झाकण उचललं. वरच्या थरात मासे होते, मक्याचा पाव होता, वाटाणे होते. त्याखाली बिस्किटांचा पत्र्याचा डबा, आणि डब्यात उभी लावलेली पाकिटं. नाताळच्या शुभेच्छापत्रांची, चर्चच्या वर्गणीची, विजेच्या बिलाची.

“इथे कागद बाहेर ठेवला की स्वतःचं स्वतः बंद होतं,” ती म्हणाली. “सप्टेंबरात तुम्ही मतपत्रिका पाठवता. पोस्टमन रस्त्यावरच्या पत्र्याच्या पेटीत टाकतो. म्हातारी माणसं, दोन-तीन दिवस तिथवर चालत जात नाहीत. उन्हाने पेटी तापते, चरातून वाफ येते. पाकीट काढावं तर तोंड शिवल्यासारखं बंद. आत घालायचं कसं? फाडलं तर तुम्ही नाकारता. मग मी म्हणते, आणा इकडे. दोन तास फ्रीजरमध्ये. डिंक कडक होतो, सुरीचं पातं घातलं की फटकन सुटतो. कागदाला धक्का नाही.”

“पण मग डिंक पुन्हा चिकटत नाही.”

“मेलेला असतो तो. म्हणून पट्टी.” तिने झाकण लावलं. “माझ्या आईने दाखवलं मला. या रस्त्यावर सगळे असंच करतात. तुम्ही आता गावात, गार घरात राहता. विसरलात.”

माझ्या आईनेही तसं केलं असणार. आठवण्याचा प्रयत्न करून पाहिला. मासे आठवले, बर्फ आठवला, पाकिटं आठवली नाहीत.

“हे मोजून दाखवता येईल,” मी म्हणाले. “कचेरीत रद्द झालेली कोरी पाकिटं आहेत. दहा आणून तुमच्या ओसरीवर ठेवते. सोमवारपर्यंत बंद झाली की मंडळासमोर ठेवू.”

तिने दाराबाहेर पाहिलं. आकाश अगदी स्वच्छ होतं आणि उत्तरेचा वारा सुटला होता. “ठेव,” ती म्हणाली. “पण हा वारा तुझ्या बाजूचा नाही, पोरी.”

तासाभरात मी दहा पाकिटं आणून ठेवली, सोबत आर्द्रता मोजायचं यंत्र. तीन वेळा जाऊन आकडे टिपले. एकेचाळीस टक्के. अडतीस. त्रेचाळीस. सोमवारी दुपारी दोनला मी पाकिटं उचलली. दहाच्या दहा उघडी होती.

सुनावणी न्यायालयाच्या इमारतीत तळमजल्यावर झाली. मंडळाचे पाच सदस्य लांब टेबलामागे बसले होते. मधे अध्यक्ष, औषधांचं दुकान चालवणारे गृहस्थ. समोरच्या खुर्च्यांवर चाळीसेक माणसं होती, त्यांतली निम्मी पोकोसिन रस्त्यावरची, रविवारी चर्चला घालायच्या कपड्यांत. मिस ओझेलाने निळी टोपी घातली होती. तिने हात वर करून शपथ घेतली.

पिट्स सौम्य आवाजाचा माणूस होता. तो एकदाही ओरडला नाही.

“मिस रॅस्को, ही पाकिटं बंद झाल्यानंतर कुणी उघडली का?”

“लोकांनी बंद केलीच नव्हती. हवेने केली.”

मागे कुणीतरी हसलं.

“हवेने.”

“आमच्याकडची हवा आहे ती. तुम्ही डोंगराकडचे दिसता. तुमच्याकडे मिठाच्या बरणीतून मीठ पडत असेल.”

आता अध्यक्षही थोडेसे हसले. पिट्सही हसला. हसून झाल्यावर त्याने विचारलं, “बंद असलेली पाकिटं तुम्ही उघडलीत का? हो की नाही, एवढंच सांगा.”

“हो.”

“किती?”

“मी मोजली नव्हती. या पोरीने मोजली. एकतीस.”

“कशाने उघडलीत?”

“फ्रीजरने. आणि मासे साफ करायच्या सुरीने. धुतलेली होती.”

या वेळी कुणी हसलं नाही.

“उघडली तेव्हा आत मतपत्रिका होती?”

“नव्हती. रिकामी होती. नंतर मी तोंड फिरवल्यावर ज्याने त्याने खूण केली आणि माझ्यासमोर आत घातली. मग मी सही केली.”

“आत मतपत्रिका नव्हती हे तुमच्याशिवाय कोण सांगू शकेल?”

“ज्याची होती तो सांगेल. विचारा. बसलेत ना इथे.”

त्याने त्यांना विचारलं नाही. विचारायची गरजही नव्हती. पाकीट बंद होऊन उघडलं, एवढंच त्याला हवं होतं आणि ते तिने शपथेवर सांगितलं होतं. मिस्टर अ‍ॅस्क्यूंनी मला पुढे बोलावलं. मी फ्रीजरमध्ये काय घडतं ते सांगितलं, डिंकाबद्दल सांगितलं. चांगलं सांगितलं असं मला वाटलं.

मग पिट्स उभा राहिला. “मिस स्प्रूइल, तुम्ही विज्ञानाच्या पदवीधर आहात. हे तुम्ही करून पाहिलंत का?”

“हो.”

“कुठे?”

“मिस ओझेलाच्या ओसरीवर.”

“किती पाकिटं?”

“दहा.”

“किती बंद झाली?”

मी मिस ओझेलाकडे पाहिलं नाही. “एकही नाही,” मी म्हणाले. “पण आर्द्रता फार कमी होती, चाळीसच्या आसपास. सप्टेंबरमध्ये ती...”

“सप्टेंबरमध्ये तुम्ही मोजली होती का?”

“नाही.”

“आभारी आहे.”

मतं पडली तीन विरुद्ध दोन. एकतीस पाकिटं बाजूला ठेवायची, उघडायची नाहीत. ज्यांची ती होती त्यांना मतदानाच्या दिवशी केंद्रावर येऊन मत देता येईल. उतरता येत नसेल त्यांना गाडीत बसून. पाकिटं उघडण्याचा विषय जिल्ह्याच्या सरकारी वकिलाकडे कळवला जाईल. शेवटचं वाक्य अध्यक्षांनी कागदावरून वाचलं, मान वर न करता.

बाहेर पायऱ्यांवर मिस ओझेला टोपीची पिन सरळ करत होती.

“मी शून्य म्हणायला नको होतं,” मी म्हणाले.

“शून्यच होतं ना?”

“हो.”

“मग काय म्हणणार होतीस, सात?” तिने पर्समधून किल्ल्या काढल्या. “पुढच्या मंगळवारी, मतदानाला, चर्चची व्हॅन मागून घेते. बारा जणांची जागा आहे. तीन फेऱ्यांत सगळे होतात.”

मतदानाच्या दिवशी मी रजा मागितली. मिस्टर अ‍ॅस्क्यू म्हणाले, “जा. गळ्यातलं ओळखपत्र मात्र टेबलावर ठेवून जा.”

सकाळी सात वाजता आम्ही रस्त्याच्या दक्षिण टोकाला होतो. माझ्याकडे यादी होती. एकतिसांपैकी मिसेस थेल्मा हॉगर्ड मधल्या काळात वारल्या होत्या. तिघे इस्पितळात होते. दोघे मुलांकडे दुसऱ्या राज्यात गेले होते. उरले पंचवीस.

मिस ओझेला प्रत्येक घरासमोर व्हॅन थांबवायची आणि दोनदा हॉर्न वाजवायची, पहिला लांब, दुसरा आखूड. तिची बस अशीच हॉर्न द्यायची. मला त्या आवाजाने अजूनही दप्तर शोधावंसं वाटतं.

पहिल्या घरून एक जोडपं आलं. दुसऱ्या घराचा पडदा हलला, दार उघडलं नाही. तिसरं घर मिस्टर एल्टन बाझमोर यांचं. एक्क्याण्णव वर्षांचे, आयुष्यभर लाकडाच्या गिरणीत काम केलेले. ते ओसरीवर कोट घालून बसले होते, म्हणून मला वाटलं की तयार आहेत.

“चला, मिस्टर एल्टन,” मिस ओझेला काच खाली करून म्हणाली. “हात धरायला पदवीधर आणलीय.”

“मी मत दिलंय, ओझेला.”

“ते मोजणार नाहीत म्हणे.”

“ते त्यांचं. मी दिलंय. तुझ्यासमोर दिलंय.”

मी उतरून पायऱ्यांपाशी गेले. “मिस्टर बाझमोर, पहिलं पाकीट बाजूला ठेवलंय. ते उघडणार नाहीत. तुम्ही आज दिलं तर तेच तुमचं एकमेव मत असेल.”

“तू कुणाची?”

“लॉरेटा स्प्रूइलची.”

“लॉरेटाची पोर. नीट ऐक. माणसाने दोनदा मत दिलं की त्याला तुरुंगात घालतात. टीव्हीवर रोज सांगतात. त्या बाईंना घातलं, त्या पश्चिमेकडच्या माणसाला घातलं. एक्क्याण्णव वर्षांत मी पोलीस ठाण्याची पायरी चढलो नाही.”

“हे दुसऱ्यांदा धरणार नाहीत. मंडळानेच तसं लिहून दिलंय.”

“मंडळाने तिला काय लिहून दिलंय?” त्यांनी व्हॅनकडे बोट केलं. “माझं बंद पाकीट उघडून देऊन तिने माझी सोय केली आणि आता तिचं नाव सरकारी वकिलाकडे आहे. उद्या माझं नाव दोन याद्यांत सापडलं तर तू येशील सोडवायला?”

मी हातातल्या यादीची घडी घातली.

“असं कर,” ते म्हणाले. आवाज जरा मऊ झाला होता. “माझं पहिलं पाकीट आणून माझ्या हातात द्या. मी ते तुमच्यासमोर फाडतो. मग येतो. टोपीही घालतो.”

“पाकीट कचेरीबाहेर नेता येत नाही.”

“बघ,” ते म्हणाले.

मी व्हॅनमध्ये परत आले. ते काय म्हणाले ते मिस ओझेलाने ऐकलं होतं. तिने गिअर टाकला.

पुढच्या घरांतून बहुतेक तेच ऐकायला मिळालं, कुणाकडून दारातून, कुणाकडून खिडकीतून. आम्ही दिलंय. दोनदा देणार नाही. एका बाईंनी मिस ओझेलाला मिठी मारली आणि तरीही आल्या नाहीत. पाच घरांची दारं उघडलीच नाहीत, आत टीव्ही चालू असल्याचं ऐकू येत होतं. एका घरासमोर ती खूप वेळ थांबली. मी घड्याळ पाहत होते.

“शाळेच्या बसला तीन मिनिटांचा नियम असतो,” ती म्हणाली. “मूल तीन मिनिटांत आलं नाही तर निघायचं. चौतीस वर्षं मी तो नियम मोडला नाही.”

“नऊ मिनिटं झाली,” मी म्हणाले.

“मला माहितीये.”

तिने पुन्हा हॉर्न दिला, एक लांब, एक आखूड. टीव्हीचा आवाज आधी बारीक झाला, मग बंद झाला. दार तसंच राहिलं.

आम्ही तीनऐवजी एकच फेरी केली. व्हॅनमध्ये नऊ जण होते. केंद्राबाहेर रंगवलेल्या खुणेवर तिने गाडी उभी केली. एक कर्मचारी फळीवर मतपत्रिका लावून घेऊन आली आणि नऊ जणांनी गाडीत बसून मत दिलं. शेवटची मतपत्रिका परत घेताना तिने विचारलं, “आणि तुम्ही, मिस ओझेला? आत येता की इथेच देऊ?”

मिस ओझेला आजवर दर वेळी स्वतः रांगेत उभी राहून मत देत आली होती. टपाली मतपत्रिका तिने स्वतःसाठी कधीच मागवली नव्हती. मला हे माहीत होतं, कारण आदल्या आठवड्यात मी तिची नोंद काढून पाहिली होती. एकही निवडणूक चुकलेली नव्हती.

तिने दोन्ही हात स्टिअरिंगवरच ठेवले होते. “मी गाडी चालवतेय,” ती म्हणाली.

“पाच मिनिटांचं काम आहे.”

“आज नको, बाळा.”

मी म्हणाले, “मिस ओझेला, तुमच्यावर तर काहीच...”

“आत सहीचं पुस्तक असतं, कोरी. त्यात सही करावी लागते.” तिने समोरच्या काचेतून पाहत सांगितलं. “माझी सही आता चांगली नाही म्हणतात. ती त्यांच्या पुस्तकात कशाला घालू?”

मागच्या बाकावरून कुणीतरी तिचं नाव घेतलं, हळू आवाजात. तिने आरशात पाहिलं, सगळे नीट बसले आहेत का ते पाहिलं आणि व्हॅन मागे घेतली. परतीच्या वाटेवर तिने प्रत्येकाला त्याच्या दारात उतरवलं. प्रत्येक जण आत जाऊन दिवा लावेपर्यंत ती थांबत होती, तेव्हा भर दुपार होती तरी.

आमच्या मतदारसंघात जिंकणारा पाच हजार दोनशे बारा मतांनी जिंकला. गाडीत मत दिलेल्या नऊ जणांची जुनी पाकिटं रद्द झाली, उरलेली बावीस न उघडता एका खोक्यात गेली, खोक्यावर सील लागलं आणि ते कोठारात गेलं. खोकं मीच उचलून नेलं. माझे दहा आठवडे संपले, पण मिस्टर अ‍ॅस्क्यूंनी मला ठेवून घेतलं. निवृत्त व्हायच्या आधी नोंदवहीचे रकाने नीट करून घ्यायचे आहेत, असं ते म्हणाले.

मार्चमध्ये सरकारी वकिलाच्या कचेरीतून मिस ओझेलाला पत्र आलं. पुरावा नाही, पुढची कारवाई नाही, चौकशी बंद. तीन ओळी होत्या. मी पत्र वाचून दाखवलं आणि तिने ते घडी घालून बिस्किटांच्या डब्यात ठेवलं. फ्रीजरमध्ये नव्हे. डबा आता बाहेर, फडताळात होता.

“आता परत साक्षीदार व्हाल ना?” मी विचारलं.

“म्हातारी झाले मी. हात थरथरतो.”

तिचा हात थरथरत नव्हता. ती तेव्हा शेंगा सोलत होती.

पुढच्या उन्हाळ्यात काउंटीची एक छोटी निवडणूक आली. टपाली मतपत्रिकेसाठी पोकोसिन रस्त्यावरून दर वेळी तीसएक अर्ज यायचे. त्या वेळी दोन आले. मिस्टर बाझमोर यांचा त्यांत नव्हता. एप्रिलमध्ये ते वारले होते आणि मतदारयादीतून त्यांचं नाव मीच कमी केलं होतं.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात मी चाळीस रद्द पाकिटं घेतली. वीस कचेरीतल्या गार खोलीत, टेबलावर, तोंड उघडं ठेवून मांडली. वीस घेऊन पोकोसिन रस्त्यावर गेले. मिस ओझेला ओसरीवरच होती. वारा नव्हता. चरांवर धुकं बसलं होतं आणि खुर्चीच्या हातावर हात ठेवला तर ओला होत होता.

“आता कशाला?” तिने विचारलं.

“मोजायला.”

“कुणाला दाखवणारेस?”

“माहीत नाही.”

तिने खुर्ची थोडी सरकवली आणि मला टेबल दिलं. तीन दिवस ती त्या पाकिटांशेजारी बसली. मी सकाळ-दुपार-संध्याकाळ आकडे टिपत राहिले. आर्द्रता सकाळी सहाला चौऱ्याण्णव टक्के, दुपारी एकाहत्तर, संध्याकाळी अठ्ठ्याऐंशी. पाकिटांना तिने हात लावला नाही. एकदा मांजर टेबलावर चढलं, तेव्हा तिने काठीने खाली उतरवलं.

चौथ्या दिवशी सकाळी मी तिच्यासमोर पाकिटं एकेक करून उचलली आणि प्रत्येकाचं तोंड अंगठ्याने वर ढकलून पाहिलं. ती बघत होती. मग मी वहीत शाईने लिहिलं.

कचेरी, बहात्तर तास, वीस पाकिटं: आपोआप बंद झालेली, शून्य.

ओसरी, बहात्तर तास, वीस पाकिटं: आपोआप बंद झालेली, अठरा.